या, नाइन आणि मधला डॉख: जर्मनीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

जर्मनीतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी विचारलं, ‘हाबेन झी काइनेन हुंगर?’ म्हणजे, भूक नाही का तुम्हाला? भूक तर कडकडून लागली होती. मी आपली मान डोलावली आणि म्हटलं, ‘या, या’, म्हणजे हो, हो. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग ‘आख झो’, म्हणजे ‘असं होय’, म्हणाल्या आणि सुपाचं भांडं झाकून आत घेऊन गेल्या.

त्या एका उत्तरात मी तीन चुका केल्या होत्या. शब्द चुकला, तो दोनदा म्हटला हे चुकलं आणि मान हलली तीही चुकीची. क्लासमध्ये ‘या’ आणि ‘नाइन’ पहिल्या दिवशी पाच मिनिटांत शिकवतात, मग डेअर-डी-डास या तीन लिंगांच्या घाण्याला जुंपतात आणि हो-नाहीकडे पुन्हा कुणी वळत नाही. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगची, इलेक्ट्रिकची, स्वयंपाकाची कामं शिकलेली आपली बरीच मुलं-मुली जर्मनचे क्लास लावू लागली आहेत. त्यांनी निदान सुपाला मुकू नये, म्हणून हे लिहितो आहे.

पायरी पहिली: कान तयार करा

‘या’ म्हणजे हो. दार उघडून कुणी ‘या’ म्हणालं की आपला पाय आपोआप आत पडतो, ती सवय जायला आठवडाभर लागतो. ‘नाइन’ म्हणजे नाही, पण आपल्या कानाला तो इंग्रजी नऊ वाटतो. जर्मन नऊ आहे ‘नॉइन’. फोनवर नंबर सांगताना गडबडीत इंग्रजी ‘नाइन’ तोंडातून गेलं, तर पलीकडचा माणूस ‘नाही? काय नाही?’ म्हणून थांबतो. आकड्यांचा असा घोळ जर्मन लोकांचा आपसातही होतो. ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’, म्हणजे दोन आणि तीन, फोनवर सारखेच वाटतात, म्हणून ते दोनला मुद्दाम ‘त्स्वो’ म्हणतात. तुम्हीही म्हणा.

खरी गंमत बोलीभाषांत आहे. बव्हेरियात ‘ना’ म्हणजे नाही. तिथे आपलं काम सोपं. पण ड्रेस्डेनच्या बाजूला, सॅक्सनीत, ‘नू’ म्हणजे हो. आणि ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गला तुम्ही निघाला आहात, तिथल्या श्वेबिश बोलीत ‘हा नॉय!’ असं ठणकावून म्हणतात. आपण पहिला ‘हा’ ऐकून खूश होतो आणि काम झालं असं समजून उठतो. त्याचा अर्थ ‘छे, मुळीच नाही’ असा आहे.

उत्तरेकडे ‘ने’ दोन प्रकारचा. लांबवलेला ‘नेऽ’ म्हणजे नाही. वाक्याच्या शेवटी झटकन येणारा ‘ने?’ म्हणजे आपलं ‘हो ना?’ दक्षिणेत त्याच जागी ‘गेल?’ येतं. या ‘ने?’ आणि ‘गेल?’ दोन्हींना मानेनं हो म्हटलं तरी चालतं. मात्र मान वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे डोलणारी आपली ‘हं, चालेल’वाली मान इथे कुणाला वाचता येत नाही. बहुतेकांना ती ‘नाही’ किंवा ‘काय की बुवा’ वाटते.

पायरी दुसरी: प्रश्नाचा पहिला शब्द सोडू नका

मराठीत ‘का’ शेवटी येतो. ‘उद्या तू आमच्याबरोबर बाजारात येतोस का?’ यात शेवटपर्यंत ऐकलं की प्रश्न कळतो. जर्मनमध्ये क्रियापद उचलून अगदी पुढे ठेवतात: ‘कॉम्स्ट डू मॉर्गन?’ येतोस तू उद्या? क्रियापद पहिलं आलं की उत्तर हो-नाहीत द्यायचं. व्याकरणात अशा प्रश्नाला ‘एन्टशाइडुंग्सफ्रागे’ म्हणतात, म्हणजे निर्णयाचा प्रश्न. नाव जरा भारदस्त आहे, पण नेमकं आहे. समोरच्याला तुमच्याकडून निर्णय हवा असतो. हकिगत नको असते.

तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ‘ऑप’ येतो. ‘इख वाइस निख्ट, ऑप एअर कॉम्ट.’ तो येणार आहे की नाही, ठाऊक नाही. आपल्या ‘की नाही’चं काम हा एवढासा ‘ऑप’ करतो आणि क्रियापद पुन्हा शेवटी जातं. तेवढ्यापुरतं मराठीत आल्यासारखं वाटतं.

पायरी तिसरी: डॉख

इथे थोडा जास्त वेळ बसा.

‘भूक नाही का?’ या प्रश्नाला मराठीत आपण काय म्हणतो? भूक नसेल तर ‘नाही’ म्हणतो, आणि ‘हो, नाहीये भूक’ असंही म्हणतो. दोन्ही चालतं. ‘हो’ म्हणजे ‘तुमचं बरोबर आहे’. जर्मनमध्ये हे चालत नाही. नकारार्थी प्रश्नाला भूक नसेल तर ‘नाइन’ आणि भूक असेल तर ‘डॉख’. ‘या’ला तिथे जागाच नाही. म्हणून मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या ‘या’चा अर्थ त्यांना लावता येईना, मग डोलणाऱ्या मानेवरून त्यांनी अंदाज बांधला.

डॉख म्हणजे समोरच्याचा नकार खोडून काढणारा हो. फ्रेंचमध्ये असाच ‘सी’ आहे. इंग्रजीतही एके काळी ‘ये’ आणि ‘येस’ असे दोन होकार होते आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ द्यायचा अशी रीत होती, पुढे ती बुजली. पुस्तकं सांगतात की डॉखला भाषांतर नाही. इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना नसेल. मराठीत तो रोज आपल्या तोंडात असतो:

‘जेवला नाहीस?’ ‘जेवलो की!’
‘तू येणार नाहीस ना?’ ‘येणार की!’

हा ‘की’ म्हणजे डॉख. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला तर हे शिकवायलाच नको, तिकडे वाक्यागणिक ‘की’ असतो. फरक एवढाच की आपला ‘की’ एकटा उभा राहत नाही, त्याच्या आधी क्रियापद लागतं. डॉख एकटा पुरतो. ‘कॉम्स्ट डू निख्ट मिट?’ ‘डॉख.’ संपलं. येतोय की.

प्रश्न नसतानाही डॉख लागतो. समोरचा म्हणाला, ‘डास गेट निख्ट’, हे होत नाही. तुम्हाला होतं हे माहीत आहे. ‘डॉख, डास गेट.’ होतं की. लहान पोरं यावर अर्धा तास भांडू शकतात. एक ‘नाइन’ म्हणतं, दुसरं ‘डॉख’, पुन्हा ‘नाइन’, पुन्हा ‘डॉख’. आपल्याकडे ‘आहे-नाही-आहे-नाही’ चालतं तसंच.

तिसरा डॉख वाक्याच्या मध्ये येतो आणि तिथे त्याचा अर्थ हो असा नसतोच. ‘झेत्सेन झी झिख डॉख’ म्हणजे ‘बसा की’, ‘बसा ना’. नुसतं ‘झेत्सेन झी झिख’ म्हटलं तर हुकूम वाटतो, डॉख आला की आपुलकी येते. ‘डास इस्ट डॉख क्लार’ म्हणजे ‘हे उघडच आहे की’. इथेही ‘की’ ठेवून बघा, चपखल बसतो. सवय लावायची एकच युक्ती मला सापडली. नकारार्थी प्रश्न ऐकला की मनात आधी मराठी उत्तर द्यायचं. त्यात ‘की’ आला तर डॉख, ‘नाही’ आलं तर नाइन.

नर्सिंगच्या मुलींसाठी खास: पेशंटला ‘हाबेन झी काइने श्मेर्त्सेन?’ म्हणजे ‘दुखत नाही ना?’ असं विचारू नका. दुखत असेल तर तो डॉख म्हणेल, पण थकलेला, कवळी काढून ठेवलेला ऐंशीचा माणूस काय पुटपुटला हे तुम्हाला कळायला हवं. त्यापेक्षा सरळ ‘हाबेन झी श्मेर्त्सेन?’ विचारावं. मग या किंवा नाइन, कागदावर लिहायला सोपं.

पायरी चौथी: ‘हरकत आहे का?’ हा सापळा

रेल्वेत शेजारचा विचारतो, ‘श्ट्योर्ट एस झी, वेन इख डास फेन्स्टर आउफमाखे?’ खिडकी उघडली तर त्रास होईल का? आपल्या डोक्यात अर्थ जातो ‘खिडकी उघडू का?’ आणि आपण भल्या मनानं ‘या, या, बिटे’, म्हणजे ‘हो, हो, करा ना’, म्हणतो. त्याला ऐकू येतं: हो, त्रास होईल. तो गप बसतो आणि दोघं उकडत प्रवास करतात. परवानगी द्यायची असेल तर उत्तर ‘नाइन, गार निख्ट’, नाही, मुळीच नाही. ‘हाबेन झी एट्वास डागेगेन?’, तुमची काही हरकत आहे का, या प्रश्नालाही तेच. श्ट्योर्ट किंवा डागेगेन ऐकू आलं की समजा, इथे नाइन म्हणजे खुशाल करा.

पायरी पाचवी: दुकानातले ‘ओडर’

‘ओडर’ म्हणजे किंवा. बेकरीत ‘त्सुम मिटनेमेन ओडर हीअर एसेन?’, बांधून की इथेच. गल्ल्यावर ‘बार ओडर मिट कार्टे?’, रोख की कार्ड. याला ‘या’ म्हटलं तर गल्ल्यावरच्या बाई हसतात, मागची रांग हसत नाही. पर्यायांतला एक शब्द उचलून परत द्यायचा: ‘मिट कार्टे, बिटे.’ वाक्य बनवत बसू नका.

पण हाच ‘ओडर?’ वाक्याच्या शेवटी एकटा आला तर तो किंवा नव्हे. ‘डू कॉम्स्ट मॉर्गन, ओडर?’ उद्या येतोयस ना? त्याला या किंवा नाइन चालतं.

डोनर-कबाबच्या टपरीवर ‘मिट आलेस?’ विचारतात, सगळं घालू? कांदा नको असेल तर ‘या, आबर ओने त्स्वीबेल्न’. पाठोपाठ ‘मिट शार्फ?’ येतं, तिखट घालू? मराठी माणसानं इथे बेधडक या म्हणावं, त्यांचं तिखट आपल्याला पोचत नाही. चीजच्या काउंटरवर वजन जरा जास्त भरलं की ‘डार्फ्स आइन बिस्खेन मेअर झाइन?’ असं विचारतील, थोडं जास्त चालेल का? हे विचारल्यावाचून जास्तीचं गळ्यात मारत नाहीत, हे मला आवडतं. शेवटी ‘झॉन्स्ट नॉख एट्वास?’, आणखी काही? ‘नाइन, डांके, डास वार्स.’ नको, धन्यवाद, एवढंच. पावती हवी का, हे बहुतेक ठिकाणी विचारतात. २०२० पासून यंत्रावर हिशेब करणाऱ्या दुकानांना पावती द्यावीच लागते, तुम्ही ती घेतलीच पाहिजे असं नाही.

पायरी सहावी: हो किती प्रकारचे

‘क्लार’, ‘ना क्लार’ म्हणजे अर्थात. ‘गेर्ने’ म्हणजे आनंदानं, आणि कुणी काही देऊ केलं तर होकारासाठी हाच सगळ्यात चांगला. ‘गेनाउ’ म्हणजे अगदी बरोबर. हा इतका पसरला आहे की काही लोक श्वास घ्यायच्या ऐवजी गेनाउ म्हणतात असं वाटतं. ‘श्टिम्ट’ म्हणजे खरंय. ‘फॉन मीअर आउस’ म्हणजे माझ्याकडून हरकत नाही, यात उत्साह शून्य. ‘यावोल’ टाळा, त्याला हुकूम झेलल्याचा वास येतो. मित्रांत गमतीनं म्हणतात तेवढंच.

‘आउफ येडेन फाल’ म्हणजे नक्कीच आणि ‘आउफ काइनेन फाल’ म्हणजे कदापि नाही. भरभर बोलण्यात मधला शब्द गिळला जातो आणि दोन्ही सारखे ऐकू येतात. शंका आली तर ‘आल्झो या?’, म्हणजे ‘हो ना?’, म्हणून पुन्हा विचारून घ्या.

आणि ‘याया’. आपण पाहुण्यांना ‘हो हो, या ना’ म्हणतो, फोनवर ‘हो हो हो’ करत मान तुकवतो. दोनदा हो म्हणणं ही आपली अदब. जर्मनमध्ये उतरत्या सुरातलं जोडीचं ‘याया’ म्हणजे ‘कळलं रे, नको डोकं खाऊ’. कामावरच्या मुकादमाला हे दोनदा ऐकवलंत तर तिसऱ्यांदा तो समजावून सांगणार नाही. एक ‘या’ पुरे. ऐकतोय हे दाखवायचं तर ‘म्हं’ म्हणा किंवा ‘ओके’, तेही चालतं.

पायरी सातवी: याइन, म्हणजे हो-नाही

या अधिक नाइन बरोबर ‘याइन’. हा शब्द थट्टेतला वाटतो, पण सगळे वापरतात. चांगली रीत अशी की याइन म्हटल्यावर पुढे कारण सांगायचं: कोणत्या बाबतीत हो आणि कोणत्या बाबतीत नाही. नुसतं याइन म्हणून चालू लागलात तर समोरचा वाट बघत उभा राहतो.

होकाराच्या वेषातले नकारही आहेत. ‘आइगेन्टलिख या’, खरं तर हो, याच्या मागून ‘आबर’ म्हणजे पण येणारच. ‘इम प्रिंट्सिप या’, तत्त्वतः हो, याचंही तसंच. पूर्व जर्मनीत रेडिओ येरेवान या काल्पनिक केंद्राच्या नावानं विनोद चालायचे. श्रोत्याचा प्रश्न, आणि उत्तराची सुरुवात ठरलेली: ‘इम प्रिंट्सिप या, आबर…’ पुढे त्या होकारातलं काहीच शिल्लक राहायचं नाही. अजूनही कुणी गंभीर चेहऱ्यानं इम प्रिंट्सिप म्हणालं की जुनी माणसं गालात हसतात.

आपल्या ‘बघू’चा जर्मन भाऊ म्हणजे ‘माल झेअन’. बव्हेरियन बोलीत ‘शाउन मर माल’, जे फुटबॉलपटू फ्रान्त्स बेकेनबाउअरच्या तोंडी असायचं आणि त्याची ओळखच बनून गेलं. मात्र आपण ‘बघू’ म्हणून नकार देतो आणि समोरच्याला तो कळतो. जर्मन माणूस तुमच्या माल झेअननंतर दोन दिवसांनी खरंच विचारायला येतो, बघितलं का म्हणून.

पायरी आठवी: ताटावरचा आणि कामावरचा नाइन

‘म्योख्टेन झी नॉख काफे?’ आणखी कॉफी घेणार? तुम्ही ‘डांके’ म्हटलंत. कॉफी येणार नाही. देऊ केलेल्या वस्तूला नुसतं डांके म्हणजे बहुधा ‘नको’. हवी असेल तर ‘या, गेर्ने’ किंवा ‘बिटे’. आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं, यजमानानं ‘घ्या हो, एवढीशी तर आहे’ म्हणायचं, मग संकोचून वाटी पुढे करायची. हा आग्रह इथे नाही. एकदा विचारतात. तुमचा शब्द खरा मानतात आणि भांडं पुढे सरकवतात. यात उद्धटपणा नाही. तुम्ही स्वतःचं पोट स्वतः जाणता, एवढाच त्यांचा समज. उलट तुम्ही त्यांना घरी बोलावलंत तर तीनदा आग्रह करू नका, दुसऱ्या ‘नाइन’नंतर त्यांना ते टोचतं.

हाच डांके हॉटेलात वेगळा महाग पडतो. बिल १८ युरो ४० सेंट, तुम्ही २० ची नोट देता देता ‘डांके’ म्हणालात, तर बाकीचे पैसे वेटरला दिले असा त्याचा अर्थ होतो. मुद्दाम टीप ठेवायची असेल तेव्हा ‘श्टिम्ट झो’ म्हणा. सुटे परत हवे असतील तर नोट देताना तोंड बंद ठेवा.

कामावर ‘शाफ्स्ट डू डास बिस फ्राइटाग?’ शुक्रवारपर्यंत होईल का? साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून मी पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी ‘या’ म्हणत असे. शुक्रवारी काम अर्धं असे आणि साहेब चकित. कामापेक्षा त्यांना तो ‘या’ जास्त खुपायचा, कारण त्यावर त्यांनी पुढचं सगळं आखलेलं असे. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं वाक्य घोकून घेतलं: ‘बिस फ्राइटाग निख्ट, आबर बिस डीन्सटाग.’ शुक्रवारी नाही, मंगळवारी देतो. पहिल्यांदा म्हणताना घशाला कोरड पडली. साहेब म्हणाले ‘गूट’, आणि कॅलेंडरात मंगळवार लिहिला.

माणसामाणसांतल्या जवळिकीत तर नाइनला कायद्याचं बळ आहे. ‘नाइन हाइस्ट नाइन’, नाही म्हणजे नाही, या तत्त्वावर लैंगिक गुन्ह्यांचा कायदा बदलला आणि तो १० नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाला. इथे बघू नाही, आग्रह नाही, लाजून नाही म्हणतेय असं मानायला जागा नाही.

पायरी नववी: कागदावरची फुली आणि फोनवरचा या

आपल्या शाळेत फुली म्हणजे चूक आणि बरोबरची खूण म्हणजे बरोबर. जर्मन अर्जावर लिहिलेलं असतं, ‘त्सूट्रेफेन्डेस बिटे आनक्रॉइत्सेन’: जे लागू असेल तिथे फुली मारा. फुली म्हणजे हो. मी दवाखान्याच्या अर्जात नसलेल्या आजारांपुढे फुल्या मारत गेलो आणि कागदोपत्री भलताच आजारी निघालो. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन भाषेच्या परीक्षेतही फुलीच मारायची असते. चूक झाली तर चौकोन पूर्ण भरून टाकायचा आणि बरोबर चौकोनात नवी फुली. बी-१ पातळीच्या वाचनात चौथा भाग निव्वळ या-नाइनचा असतो: एखाद्या विषयावर सात माणसांची मतं दिलेली, ती बाजूची की विरोधातली हे ओळखायचं. तिथे ‘त्स्वार… आबर’, म्हणजे ‘खरं आहे, पण’, दिसलं की आबरच्या पुढचं वाचा, मत तिकडे असतं. आधीचा भाग शिष्टाचाराचा.

फोन उचलताना जर्मन लोक आडनाव सांगतात. तुम्हीही तेच करा, ‘या?’ नको. कधी कधी अनोळखी माणूस लगेच ‘ह्योरेन झी मिख गूट?’, माझा आवाज येतोय ना, असं विचारतो आणि तुमचा ‘या’ ध्वनिमुद्रित करून कराराला होकार दिला असं भासवतो. या प्रकाराबद्दल ग्राहक सल्ला केंद्रं वारंवार सावध करतात. उत्तर द्या ‘इख ह्योरे झी’, मला ऐकू येतंय, आणि ‘या’ शब्द तोंडातून काढू नका. चुकून काही गळ्यात पडलंच, तर फोनवरून झालेले बहुतेक करार १४ दिवसांत मागे घेता येतात. फोनवर वाद घालू नका. पत्र किंवा ईमेल पाठवा आणि प्रत जपून ठेवा.